यीस्टच्या पेशीत तर्कू मानेकडे कसा वळतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी डायनीन या मोटर प्रथिनाचं जनुक काढून टाकलेला यीस्टचा स्ट्रेन वाढवला. कल्चर डिसेंबरातल्या एका रात्री इनक्युबेटरबाहेर बाकावरच राहिलं. सकाळी डॅपीने, म्हणजे डीएनए दाखवणाऱ्या रंगाने, रंगवून पाहिलं, तर बऱ्याच पेशींमध्ये दोन्ही केंद्रकं आई-पेशीतच होती आणि कळी चांगली मोठी होऊनही आतून रिकामी. हा रंगवण्यातला दोष का? आणि दोष नसेल, तर एरवी पेशीला तर्कू, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं वाटून देणारा सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा, कोणत्या दिशेला वळवायचा हे समजतं कसं?

आधी पहिल्या भागाचं सांगते. रंगवण्यात काही चुकलेलं नाही. ती स्लाइड टाकू नकोस, फोटो काढून ठेव. डायनीन नसलेल्या पेशींत हेच दिसायला हवं, आणि थंडीत ते जास्त ठळक दिसतं. आपल्याकडे कोल्हापुरात डिसेंबरातली पहाट पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते. विसरलेल्या कल्चरने तुला तो प्रयोग आपोआप करून दिला. मी शिकत असताना असाच एक नमुना पाहून वहीत 'स्टेन खराब' असं लिहिलं आणि पुढचे दोन महिने रंगाची मात्रा बदलण्यात घालवले. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे.

प्रश्नाचं मूळ एका गोष्टीत आहे. मुकुलायन करणाऱ्या, म्हणजे कळी काढून वाढणाऱ्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, पेशी कुठे तुटणार हे तर्कू तयार होण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. प्राण्यांच्या पेशीत उलट आहे. तिथे तर्कू आधी जागेवर बसतो आणि खाच त्याच्या मध्यावर पडते. रे रॅपापोर्ट यांनी १९६१ साली समुद्री प्राण्याच्या अंड्यावर केलेल्या प्रयोगात हे फार सुंदर दिसलं होतं: अंड्याला मेदूवड्यासारखा आकार दिला, तर्कू एका बाजूला सरकला, आणि खाचही त्याच बाजूला पडली. यीस्टला ही सोय नाही. कळी कुठे फुटणार हे पेशीचक्राच्या सुरुवातीलाच ठरतं. एकगुणित पेशी (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) मागच्या कळीच्या व्रणाला लागूनच नवी कळी काढते, द्विगुणित पेशी (दोन संच असलेली) दोन्ही टोकांपैकी एक निवडते. सीडीसी-४२ हे प्रथिन त्या ठिकाणी गोळा होतं, सेप्टिन प्रथिनांचं कडं बसतं, आणि त्या कड्यातून कळी बाहेर येते. आई आणि लेक यांच्यामधली ती अरुंद मान, रुंदी साधारण १ मायक्रोमीटर. पेशी तुटणार ती तिथेच.

म्हणजे दार आधी बांधून झालं. आता तर्कूचं एक टोक त्या दारातून पलीकडे गेलं पाहिजे. नाही गेलं तर आईकडे गुणसूत्रांचे दोन संच राहतील आणि लेकीच्या वाट्याला एकही येणार नाही.

अडचण आणखी एका कारणाने वाढते. यीस्टमध्ये सूत्री विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळत नाही. तर्कू पूर्णपणे केंद्रकाच्या आत असतो. एकगुणित पेशीची सोळाच्या सोळा गुणसूत्रं दुप्पट झालेली, प्रत्येकाच्या गुणसूत्रबिंदूला एकेकच सूक्ष्मनलिका जोडलेली. पश्चावस्थेआधी, म्हणजे गुणसूत्रं वेगळी होऊन दोन टोकांकडे सरकण्याआधी, हा तर्कू जेमतेम दीड-दोन मायक्रोमीटर लांब असतो आणि त्याला बाहेरचं काही दिसत नाही. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध फक्त दोन ठिकाणी येतो, तो म्हणजे दोन ध्रुवपिंडांशी. इंग्रजी पुस्तकात तू त्यांना स्पिंडल पोल बॉडी म्हणून वाचलं असशील. ध्रुवपिंड केंद्रकाच्या आवरणात गुंडीसारखा रुतलेला असतो. त्याच्या आतल्या बाजूने तर्कूच्या नलिका निघतात आणि बाहेरच्या बाजूने पेशीद्रवात दोन-चार मोकळ्या नलिका. दिशा देण्याचं सगळं काम या बाहेरच्या दोन-चार नलिकांवर आहे.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवताना पाहिली असशील. काठी एकाच्या अंगावर, पण ती कुठे कलणार हे तिला बांधलेले दोर धरून दूर उभी असलेली माणसं ठरवतात. काठी स्वतः काही ठरवत नाही. यीस्टमधला तर्कू तसाच आहे. फरक इतकाच, की सासनकाठीला चहूबाजूंनी ताण देतात कारण ती उभी राहायला हवी. यीस्टला तर्कू एका बाजूला, मानेच्या दिशेने न्यायचा आहे. म्हणून इथे ताण एकतर्फी लागतो. तर मग दोर कोण ओढतं?

दोन जण ओढतात, आणि दोघांची पद्धत वेगळी आहे.

पहिला मार्ग कार-९ या प्रथिनाचा. हे नाव विभाजनातून आलेलं नाही. दोन यीस्टपेशींचं मीलन होताना त्यांची केंद्रकं एकत्र येतात, त्या क्रियेत अडखळणाऱ्या म्युटंटमध्ये हे जनुक प्रथम सापडलं. तिथेही ते केंद्रकाला योग्य टोकाकडे नेण्याचंच काम करतं, हे पुढे उलगडलं. विभाजनाच्या वेळी कार-९ हे बिम-१ नावाच्या प्रथिनाच्या आधाराने सूक्ष्मनलिकेच्या वाढत्या टोकावर बसतं. दुसऱ्या बाजूने ते मायो-२ या मायोसिनला, म्हणजे एका मोटर प्रथिनाला, धरतं. मायोसिन चालतं ॲक्टिनच्या दोरांवर, आणि यीस्टमध्ये हे दोर आईकडून कळीकडे असे एकाच दिशेला रचलेले असतात; ते विणणारी फॉर्मिन प्रथिनं कळीच्या टोकाला आणि मानेपाशी बसलेली असतात. खरं तर ही वाट कळी वाढवायचा माल वाहण्यासाठी आहे. भिंतीचं साहित्य भरलेल्या पुटिका याच मायो-२ च्या पाठीवरून कळीत जातात. त्याच वाटेने जाणाऱ्या वाहनाला सूक्ष्मनलिकेचं टोक अडकवून दिलं की टोक आपसूक कळीत पोचतं, मागोमाग ध्रुवपिंड वळतो आणि केंद्रक मानेपाशी येऊन थांबतं. कळीला माल नेणाऱ्या रस्त्याचाच कळीची दिशा सांगायला उपयोग करणं ही मला या साऱ्या यंत्रणेतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. दिशेची खूण वेगळी ठेवायलाच नको.

हे नुसतं चित्र काढून मांडलेलं नाही. मायो-२ चा पाय, म्हणजे त्या प्रथिनातला तरफेसारखा भाग, आखूड केला की त्याची चाल मंदावते. असे आखूड पायाचे मायोसिन दिलेल्या पेशींत सूक्ष्मनलिकेचं टोक मानेकडे सरकण्याचा वेगही कमी झाला. वाहनाचा वेग बदलला की दोराचा वेग बदलतो, याहून थेट पुरावा मागायचा कशाला?

इथे एक बारकावा आहे, आणि तोंडी परीक्षेत तो हमखास सुटतो. दोन ध्रुवपिंडांपैकी कोणता कळीत जाणार? दोन्हींना कार-९ लागलं, तर दोन्ही टोकं कळीकडे ओढली जातील आणि तर्कू आडवाच राहील. तसं होत नाही, कारण कार-९ दोन्हींवर सारखं बसत नाही. ते एकाच ध्रुवपिंडाच्या नलिकांवर गोळा होतं, आणि नेहमीच्या पेशीत तो ध्रुवपिंड जुना असतो. ध्रुवपिंड दुप्पट होताना एक जुना आणि एक नव्याने बांधलेला अशी जोडी बनते. सरळ मनाला वाटेल की नवा लेकीला द्यावा. प्रत्यक्षात जुना लेकीकडे जातो आणि नवा आईकडे राहतो. हे २००१ साली दाखवलं गेलं. त्याच कामात नोकोडॅझोल देऊन सूक्ष्मनलिका थोडा वेळ मोडून पाहिल्या होत्या. औषध काढल्यावर नलिका पुन्हा उगवल्या, पण आता जुना-नवा हा भेद पाळला गेला नाही. कोणताही ध्रुवपिंड कळीत जाऊ लागला. म्हणजे जुन्याला मिळणारा मान त्याच्या आधीपासून असलेल्या नलिकांमुळे मिळतो असं दिसतं.

आता दुसरा मार्ग, तुझ्या स्लाइडवरचा. डायनीन.

डायनीन हे मोटर प्रथिन सूक्ष्मनलिकेवरून तिच्या उण्या टोकाकडे, म्हणजे वाढत्या टोकाच्या उलट दिशेला, चालतं. यीस्टमध्ये उणं टोक ध्रुवपिंडात रुतलेलं असतं. डायनीन मोकळं असतं तर ते चालत चालत ध्रुवपिंडाकडे गेलं असतं आणि काहीच हाललं नसतं. पण त्याला कळीच्या पडद्याला आतून बांधून टाकलं तर? मग ते चालू पाहतं, पण जागा सोडू शकत नाही, म्हणून नलिकाच त्याच्याकडे सरकते. विहिरीच्या काठावर पाय रोवून दोर हात-हातावर ओढणाऱ्या माणसासारखं. माणूस जागचा हलत नाही, दोर त्याच्या हातांतून मागे जात राहतो आणि खालची घागर वर येते. इथे घागर म्हणजे ध्रुवपिंड, आणि घागरीला जोडलेलं अख्खं केंद्रक. पाय रोवायची जागा म्हणजे नम-१ हे प्रथिन. ते पेशीपटलाच्या आतल्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी बसलेलं असतं.

डायनीन नम-१ पर्यंत पोचतं कसं, हेही नीट बघण्यासारखं आहे. ते आधी सूक्ष्मनलिकेच्या वाढत्या टोकावर जमा होतं. किप-२ हे किनेसिन, बिक-१ आणि पॅक-१ ही प्रथिनं त्याला तिथे नेतात आणि धरून ठेवतात. टोकावर असताना ते ओढत नाही, गप्प बसून असतं. नलिका वाढत वाढत कळीच्या पडद्याला टेकली की तिथल्या नम-१ च्या ठिपक्यावर डायनीन आणि त्याचा सोबती डायनॅक्टिन उतरवले जातात, आणि तिथून पुढे ओढणं सुरू होतं. मायक्रोस्कोपखाली नलिका हिरवी चमकवून पाहिलीस तर ती कळीच्या आतल्या भिंतीला चाटून सरकताना दिसते, आणि तिच्यामागे केंद्रक मानेतून ताणत आत येतं. केंद्रकाचा व्यास साधारण २ मायक्रोमीटर आणि मान १ मायक्रोमीटर, म्हणून ते मधे चिमटून डमरूसारखं होतं. पश्चावस्थेतला तर्कू लांबत जाऊन आठ-दहा मायक्रोमीटर होतो, पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

म्हणजे कार-९ पश्चावस्थेआधी तर्कू मानेपाशी आणून सरळ करतं, आणि डायनीन पश्चावस्थेत त्याला मानेतून पार करतं. तुझ्या स्ट्रेनमध्ये दुसरा नाही, पहिला आहे. म्हणूनच बऱ्याचशा पेशी ठीक दिसतात, आणि म्हणूनच डायनीनचं जनुक काढूनही कल्चर जगतं. नुसतं कार-९ काढलं तरी पेशी जगते. दोन्ही एकदम काढले तर मात्र तग धरत नाही. अशी जोडी सापडली की जनुकशास्त्रज्ञ म्हणतो, ही दोघं एकाच कामाला वेगवेगळ्या वाटांनी लागलेली आहेत. यीस्टमध्ये डायनीनचं जनुक १९९३ साली समोर आलं तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं की इतकं मोठं प्रथिन काढून टाकलं तरी पेशीला फारसं काही होत नाही. का होत नाही, ते कार-९ मुळे पुढे समजलं.

आणखी एक गोष्ट, कारण हे कुणाच्या उपयोगाचं असं घरी विचारलं जातं. यीस्टमध्ये डायनीनला केंद्रक नीट बसवण्यापलीकडे फारसं दुसरं काम नाही. म्हणून त्यात बिघाड केला तर नेमकं काय बिघडलं ते वाचता येतं. माणसाच्या पेशीत हेच प्रथिन शंभर कामं करतं, तिथे धागा सापडणं अवघड. वर जे पॅक-१ आलं, त्याचं माणसातलं रूप लिस-१. त्याचं जनुकही १९९३ सालीच ओळखलं गेलं. त्याची एक प्रत बिघडली तर बाळाच्या मेंदूवर घड्या पडत नाहीत, मेंदू गुळगुळीत राहतो. चेतापेशींचं केंद्रक आपल्या जागी पोचत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. लिस-१ डायनीनला नेमकं काय करतं हे समजून घेण्याचं पुष्कळसं काम यीस्टच्या प्रथिनांवर झालं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबवतात ती याच जातीच्या यीस्टने. ओळखीची वस्तू आहे, म्हणून तिला साधी समजू नये.

आता तुझ्या स्लाइडवरच्या त्या पेशींचं पुढे काय होतं? दोन केंद्रकं आईत, कळी रिकामी. अशा वेळी पेशी तुटली तर सगळंच बिघडलं. पण ती तुटत नाही, थांबते. या थांबण्याला तर्कू-स्थान तपासणी म्हणू.

ऊस घेऊन आलेली गाडी वजनकाट्यावर चढल्याशिवाय गव्हाणीत मोळी पडत नाही, हे तू पाहिलं असशील. पेशीतला काटा मानेत आहे. टेम-१ नावाचं एक छोटं प्रथिन ध्रुवपिंडावर बसलेलं असतं. ते चालू झालं की विभाजन संपवणारी साखळी सुटते: सीडीसी-१५, मग डीबीएफ-२, आणि शेवटी सीडीसी-१४ हे प्रथिन केंद्रकीतून (न्यूक्लिओलसमधून) बाहेर पडतं, विभाजन चालू ठेवणाऱ्या सायक्लिनचा जोर उतरतो आणि पेशी तुटते. टेम-१ ला बंद ठेवणारी जोडी बब-२ आणि बीएफए-१, तीही ध्रुवपिंडावरच. सीडीसी-५ हे किनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारं प्रथिन, या जोडीला बाजूला सारू पाहतं. पण आई-पेशीत किन-४ नावाचं किनेज आहे, ते बीएफए-१ वर फॉस्फेट लावून सीडीसी-५ ची मात्रा चालू देत नाही. म्हणजे ध्रुवपिंड आईत आहे तोवर कुलूप लागलेलं. कळीत मात्र एलटीई-१ आहे, आणि ते किन-४ ला निष्प्रभ करतं. ध्रुवपिंड मान ओलांडून कळीत शिरला की तो किन-४ च्या हद्दीतून एलटीई-१ च्या हद्दीत येतो, आणि कुलूप उघडतं.

जुन्या पुस्तकांत एलटीई-१ थेट टेम-१ ला चालू करतं असं लिहिलेलं सापडेल. त्याच्या रचनेवरून आधी तसंच वाटलं होतं. आता मानलं जातं ते हे, की ते किन-४ ला आवरून काम करतं. परीक्षेत हे नवं उत्तर लिही.

पेशीकडे मोजपट्टी नाही, तरी तिने अंतर ओळखलं. दोन खोल्यांत दोन वेगळी प्रथिनं ठेवली आणि ज्याची जागा जाणून घ्यायची त्याच वस्तूवर स्विच बसवला. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी रंकाळ्यावर चक्कर मारताना दुसरं काही बोलू शकले नव्हते. आजही शिकवताना या ठिकाणी माझा आवाज चढतो.

म्हणून तुझ्या स्लाइडवरच्या त्या पेशी मेलेल्या नाहीत, वाट बघणाऱ्या आहेत. आईतच लांबत जाणारा तर्कू वाकतो, फिरतो, आणि पुष्कळदा त्याचं एक टोक उशिरा का होईना मानेत शिरतं. मग कुलूप उघडतं आणि विभाजन पुरं होतं. हेच जर डायनीनसोबत बब-२ सुद्धा काढलं, तर थांबणं संपतं. पेशी चुकीच्या अवस्थेतही तुटतात आणि कल्चरमध्ये दोन केंद्रकांच्या पेशी आणि केंद्रकच नसलेल्या पेशी यांची भर पडत जाते. हा दुहेरी म्युटंट मिळाला तर तुझ्या प्रकल्पाला फार चांगली जोड होईल.

आता हातातल्या कामाबद्दल.

मोजताना तीन प्रकार वेगळे लिही. एक, मोठी कळी, दोन्ही केंद्रकं आईत. दोन, मोठी कळी, केंद्रक एकच पण मानेपासून लांब. हा कार-९ च्या बाजूचा दोष असू शकतो. तीन, कळी नसलेल्या पेशीत दोन केंद्रकं, किंवा एकही नाही; हा तपासणी फसल्याचा पुरावा. तिन्ही एकाच रकान्यात 'असामान्य' म्हणून टाकलेस तर आकडा येईल, अर्थ येणार नाही. लहान कळीच्या पेशी या मोजणीत धरायच्याच नाहीत, त्यांचा तर्कू अजून वळायचा असतो.

प्रत्येक नमुन्यात निदान २०० मोठ्या कळीच्या पेशी मोज. स्लाइडवरची नावं मैत्रिणीला झाकायला सांग. आपल्याला हवं ते दिसण्याची खोड सगळ्यांच्या डोळ्यांना असते, माझ्याही आहे. जनुक शाबूत असलेला मूळ स्ट्रेन त्याच तापमानाला, त्याच वेळेला, शेजारी ठेव. एक संच ३० अंशांना आणि एक थंडीत. बाकावरच्या रात्रीवर विसंबू नकोस. बीओडी इनक्युबेटर १५ अंशांवर लाव, आणि लक्षात ठेव की ३० अंशांना सकस माध्यमात दीड तासात दुप्पट होणारं कल्चर तिथे कितीतरी हळू वाढतं, तेव्हा नमुना घेण्याची घाई नको.

डॅपीच्या बाबतीत दोन गोष्टी फसवतात. पहिली, ते मायटोकाँड्रियाच्या डीएनएलाही रंगवतं. कडेकडेने दिसणारे बारीक ठिपके म्हणजे ते. त्यांना दुसरं केंद्रक समजू नकोस, आणि रिकाम्या कळीत ते दिसले म्हणून कळीत केंद्रक आहे असंही लिहू नकोस. रिकाम्या कळीत मायटोकाँड्रिया पोचलेले असतात. दुसरी, एकमेकींना चिकटलेल्या दोन स्वतंत्र पेशी आई-लेकीसारख्या दिसतात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये स्थिर केल्यावर अगदी थोडा वेळ सोनिकेट कर, गुठळ्या सुटतील. कॅल्कोफ्लोर, म्हणजे पेशीभित्तीला लागणारा रंग, असेल तर मान आणि व्रण स्वच्छ दिसतात, पण त्याचाही रंग निळाच, म्हणून डॅपीसोबत एकाच स्लाइडवर वापरलंस तर गोंधळ होईल.

आणि जमलं तर ट्युब्युलिनला हिरवं प्रथिन जोडलेला स्ट्रेन मिळव, अगारोजच्या पातळ थरावर जिवंत पेशी ठेव आणि दर मिनिटाला एक फोटो घे. स्थिर केलेल्या पेशीत ती अडकलेली दिसते. जिवंत पेशीत ती सुटताना दिसते. आईत लांबलेला तर्कू धनुष्यासारखा वाकतो, बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग अचानक एक टोक मानेतून पलीकडे जातं. अशी एक जरी पेशी मिळाली तर फाइल मला पाठव.